नांगर, निद्रा आणि जनरेटर

माझे साडू आणि मी यांच्यात आजवर एकाच विषयावर एकमत झालं आहे. आमचे सासरे फार सोशिक गृहस्थ होते, हा तो विषय. बाकी चहात साखर किती असावी इथपासून मरणोत्तर जीवन आहे की नाही इथपर्यंत आमचे रस्ते वेगळे. तरीही दर दोन वर्षांनी आमच्या बायका आम्हांला एकत्र प्रवासाला नेतात. सख्ख्या बहिणी आहेत, त्यांना एकमेकींशी बोलायचं असतं. आम्ही दोघे सामानासारखे बरोबर जातो.

या खेपेला नाताळच्या सुट्टीत केरळ झालं. आम्ही दोघं, साडू आणि ताई, आमची कन्या, जावई आणि दोन नाती, अशी आठ माणसं अलप्पुळाच्या धक्क्यावर उभी राहिली. समोर हाउसबोट. चार खोल्या, पुढे बैठक, मागे मुदपाकखाना, वर वेताचं छप्पर. दुपारी बाराला चढायचं, सकाळी नऊला उतरायचं. मधली रात्र पाण्यावर. मला आयुष्यात फार थोड्या गोष्टींची हौस उरली आहे, त्यांतली ही एक. पाण्यावर झोपायचं!

साडूंनी बोटीवर पाय ठेवण्याआधी विचारलं, "जनरेटर आहे ना?"

मी म्हणालो, "बोट आहे का ते आधी बघा."

इथून जो वाद पेटला तो परतीच्या गाडीतही विझला नव्हता. तो वाद मी आता वाचकांच्या दरबारात आणतो आहे. माझी बाजू पहिल्याच परिच्छेदात नसली तरी तिसऱ्यात सांगून टाकावी म्हणतो. रात्री नांगर टाकून झोपायला गेलेल्या हौशी नौकेला जनरेटर लागत नाही. लागतो तो तिच्यातल्या एसीला. आणि एसी हा बोटीवरचा प्रवासी नाही, त्याचं तिकीट काढलेलं नसतं; तरी सगळ्यात जास्त जेवतो तोच.

आधी त्या बोटीविषयी. हिला तिकडे केट्टुवल्लम म्हणतात. केट्टु म्हणजे बांधणं, वल्लम म्हणजे होडी. आंजिलीच्या लाकडाच्या फळ्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवायच्या, खिळा नाही. वरून काजूच्या टरफलाचं तेल चोपडायचं. कुट्टनाडचं भात या होड्यांतून बाजाराला जायचं. पुढे रस्ते झाले, ट्रक आले, होड्या बेकार झाल्या, आणि १९९०च्या दशकात कुणाला तरी सुचलं की भाताच्या जागी पाहुणे भरावेत. कल्पना झकास. फरक एवढाच की भाताची पोती रात्री "मला उकडतंय" म्हणत नसत.

बोट वेंबनाडवर निघाली. देशातलं सगळ्यात लांब सरोवर. दोन्ही अंगांना माड, बांधापलीकडे पाण्याच्या पातळीहून खाली असलेली शेतं, काठाकाठानं घरं, घरांच्या पायऱ्या थेट पाण्यात. करीमीन तळून आलं. साडू दोन तास बोलले नाहीत, इतकं ते छान होतं. संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला बोट काठाजवळ उभी राहिली. रात्र मासेमारांची. त्यांची जाळी पसरतात, म्हणून हाउसबोटींनी तेव्हा फिरायचं नाही. हा नियम मला फार आवडला. पाहुण्यानं कुठवर हिंडायचं आणि यजमानाचं काम कधी सुरू होतं, हे त्यात स्पष्ट आहे. नांगर पडला, एक दोर काठावरच्या माडाला गेला. सूर्य बुडाला. एक खंड्या तारेवरून उडाला. नाती गप्प झाल्या. मी डोळे मिटले.

आणि नऊच्या ठोक्याला मागे कुणीतरी पिठाची गिरणी सुरू केली.

धडधडधडधड! फळ्या थरथरू लागल्या. टेबलावरचा पेला चालू लागला. आमच्या बोटीचं सुरू झालं म्हणून शेजारच्या बोटीचं सुरू झालं, तिचं ऐकून पलीकडच्या तीन बोटींचं. पाच मिनिटांत त्या रम्य काठाचं औद्योगिक वसाहतीत रूपांतर झालं. डिझेलचा धूर माडांमधून वर चढला. साडूंच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"आता कसं बरं वाटतंय," ते म्हणाले.

"काय म्हणालात?" मी ओरडलो.

"म्हटलं, किती शांत आहे इथे!" ते ओरडले.

खोलीत गेलो. एसी अठरावर. बाहेर डिसेंबरची रात्र, तेवीस-चोवीस अंशांच्या आसपासची, वाऱ्याची. आत साडू कानटोपी घालून, दोन रजया घेऊन झोपले होते, असं ताईंनी सकाळी सांगितलं. म्हणजे काय झालं बघा. डिझेल जाळून थंडी तयार करायची आणि ती थंडी वाजू नये म्हणून रजई घ्यायची. असा व्यवहार एखाद्या संस्थेनं केला असता तर लेखापरीक्षकांनी चौकशी लावली असती.

मी खिडकी उघडायला गेलो. उघडेना. काच पक्की बसवलेली. आतल्या पोऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "साब, खिडकी खोलेगा तो जनरेटर का आवाज आयेगा."

वाचकहो, माझ्या सगळ्या युक्तिवादाचं सार या एका वाक्यात आहे. जनरेटर कशासाठी? एसीसाठी. एसी कशासाठी? खिडकी बंद आहे म्हणून. खिडकी का बंद? जनरेटरचा आवाज आणि धूर येतो म्हणून! हे औषध घेतल्यामुळे जो रोग होतो त्यावरही हेच औषध. मूळच्या त्या होडीच्या छपराला वेताच्या जाळ्या होत्या, इकडचा वारा तिकडे जात होता. आपण जाळ्या बुजवल्या, काचा बसवल्या, आत भट्टी तयार केली आणि मग भट्टीत माणूस कसा झोपेल या चिंतेनं यंत्र आणलं.

रात्री दीडच्या सुमाराला मी उठून पुढे डेकवर आलो. तिथे बोटीवरची तीन माणसं चटईवर आडवी होती. त्यांना खोली नसते. त्यांची झोपायची जागा पुढे किंवा मागे जिथे मिळेल तिथे, मागे गेलं की यंत्राच्या उशाशी. मुख्य माणसाला ते स्रांक म्हणतात. आपला सारंग तो हाच. समुद्रानं शब्द किती लांब वाहून नेला बघा. हे सारंग जागेच होते. मी मोडक्या हिंदीत विचारलं, "रोज असंच?"

"रोज," ते म्हणाले. "घर जाता है, तो भी कान में चालू रहता है."

काठावर, दहा-बारा पावलांवर, एका घराच्या ओट्यावर दिवा होता. एक मुलगी पुस्तक घेऊन बसली होती. परीक्षा असावी. दोन्ही कानांवर तिनं हात ठेवले होते आणि कोपरांनी पान दाबून धरलं होतं. मला एकदम आपण त्या घराच्या अंगणात मिरवणुकीचा बँड घेऊन उभे आहोत असं वाटलं. आम्ही एका रात्रीचे. तिच्या अंगणात हे सगळा मोसम चालतं.

मला माझ्या मामाचा मचवा आठवला. लहानपणी मे महिन्यात आम्हांला कोकणात पाठवत. मामा मचव्यातून कौलं न्यायचा. भरतीची वाट बघत रात्री खाडीत नांगर टाकून पडायचं. वीज नव्हती. डोलकाठीला एक कंदील टांगलेला, आणि चूल विझली की तेवढाच उजेड. म्हातारा तांडेल नाळेवर आडवा व्हायचा. डोळे मिटलेले, पण मधेच म्हणायचा, "वारा फिरला रे." बाजूला पाणी कसं आपटतंय यावरून त्याला भरती लागली की ओहोटी ते कळायचं. एकदा रात्री तो ताडकन उठला आणि खलाशांना लाथा घालून उठवलं. नांगर घसरत होता. साखळीचा आवाज बदलला होता, एवढंच त्यानं ऐकलं होतं. आम्ही खडकाच्या दिशेनं चाललो होतो.

नांगरलेल्या बोटीला रात्री सगळ्यात जास्त गरज असते ती कानाची. नांगर घसरला, दोर ताणला, वारा उठला, पाण्यात कुणी पडलं आणि हाक मारली, हे सगळं आधी ऐकू येतं, मग दिसतं. जनरेटर लावला की बोट बहिरी होते. साडूंना हा मुद्दा सांगितला तेव्हा ते म्हणाले, "आपली बोट माडाला बांधलेली आहे." बरोबर. पण मग पाण्यात कुणी पडलं तर माड हाक मारणार आहे का?

सकाळी न्याहारीला साडूंनी शस्त्र काढलं. "भावना बाजूला ठेवा. हिशेब करा. दिवे कशावर लागणार? फ्रीज? मोबाइल? की मामाचा कंदील?" साडू बँकेतून निवृत्त झाले आहेत. हिशेब म्हटला की समोरचा गार होतो असा त्यांचा अनुभव. मी कागद मागवला.

दहा दिवे, प्रत्येकी सात वॉट, पाच तास: ३५० वॉट-तास. पाच पंखे, नव्या पद्धतीचे, तीस वॉटचे, नऊ तास: १३५०. फ्रीजला रात्रीचे ५०० धरा. आठ जणांचे मोबाइल: १००. नांगरदिवा, तीन वॉट, बारा तास: ३६. बेरीज २३३६. म्हणजे सव्वादोन-अडीच युनिट. आठ माणसांची अख्खी रात्र!

लोडशेडिंगच्या दिवसांत ज्यांनी घरी इन्व्हर्टर बसवला त्यांना पुढचं सांगायला नको. बारा व्होल्टची, दीडशे अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १८०० वॉट-तास. साध्या शिशाच्या बॅटरीतून निम्मंच काढावं, नाहीतर ती लवकर राम म्हणते. म्हणून ९०० धरा. अशा चार बॅटऱ्या ठेवल्या की ३६०० झाले. इन्व्हर्टर मधे आपलं कमिशन खातो, ते देऊनही उरतात. त्या भरायच्या कशा? छपरावर एक किलोवॉटची सौरपट्टी टाकली तर दिवसाला सरासरी चारेक युनिट देते. पावसाळ्यात कमी देईल, कबूल. पण दिवसभर बोटीचं इंजिन चालतंच की. त्याच्यावरही बॅटरी भरते. त्यातून राहिलं तर धक्क्यावर विजेचं बटण आहे.

आता एसी. दीड टनाचा एसी तासाला एक ते दीड युनिट घेतो. साडूंच्या भावनांचा आदर म्हणून एकच धरतो. चार खोल्या, नऊ तास: ३६ युनिट. माणसांना अडीच, गारव्याला छत्तीस. जवळजवळ चौदा-पंधरापट. जेवायला आठ माणसं आणि त्यांच्याबरोबर आलेला हत्ती, असा हा मामला आहे. जनरेटर त्या हत्तीसाठी आहे, आणि बिल मात्र "दिवे-पंखे लागतात हो" म्हणून माणसांच्या नावावर फाडलं जातं.

साडूंनी कागद उलटा करून पाहिला. मागे काही नव्हतं.

त्याच वेंबनाडवर वैकम ते तवणक्कडव अशी एक फेरीबोट २०१७ च्या जानेवारीत सुरू झाली. नाव 'आदित्य'. पंचाहत्तर माणसं बसतात आणि ती उन्हावर चालते. देशातली अशी पहिली फेरीबोट. मी साडूंना म्हटलं, पंचाहत्तर माणसांची बोट या काठावरून त्या काठावर न्यायला ऊन पुरतं. आणि जागेवरून हलायचंसुद्धा नाही, फक्त घोरायचं, त्याला डिझेल लागतं?

"घोरायचा उल्लेख नको," साडू म्हणाले. न्याहारीला दोघीही बहिणी होत्या.

समुद्रावरच्या टकरी टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. रात्री नांगरलेल्या बोटीकडून ते काय मागतात? पन्नास मीटरपेक्षा लहान असेल तर चहूकडून दिसेल असा एक पांढरा दिवा, दोन सागरी मैलांवरून दिसणारा. झालं. सगळ्या जगाच्या दर्यावर्दी शहाण्यांनी बसून नांगरलेल्या बोटीची रात्रीची विजेची गरज ठरवली ती एवढी. आजच्या दिव्यांत ती तीन-चार वॉटमध्ये भागते.

इथवर थट्टा झाली. पुढचं थट्टेचं नाही. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. डिझेलच्या यंत्रात तो पेट्रोलच्या मानाने खूप कमी, पण नाहीच असं नाही. अमेरिकेत युटा आणि ॲरिझोनाच्या सीमेवर पॉवेल नावाचं मोठं सरोवर आहे, तिथेही अशाच राहत्या बोटी असतात. २००० सालच्या ऑगस्टमध्ये तिथे आठ आणि अकरा वर्षांचे दोन भाऊ बोटीच्या मागच्या बाजूला पोहत होते. जनरेटरचा धूर मागे, पोहायच्या फळीखालच्या पोकळीत साचत होता. दोघेही गेले. पोहता येत होतं, पाणी शांत होतं. त्यानंतर तिथल्या सरकारी संशोधन संस्थेनं अशा बोटी तपासल्या आणि धुराची नळी मागे पाण्यालगत न सोडता उंच छपरावर न्या, असं सांगितलं. आमच्या बोटीवर नळी मागेच होती, पाण्यापासून वीतभर वर. संध्याकाळी माझ्या दोन्ही नाती मागच्या कठड्यावर पाय सोडून बसल्या होत्या. तेव्हा यंत्र बंद होतं, हे नशीब. ज्यांना जनरेटर लावायचाच आहे त्यांनी निदान नळी वर घ्यावी आणि झोपायच्या खोलीत त्या वायूची सूचना देणारी घंटा बसवावी. जनरेटरवाद्यांशी माझं वैर आहे, पण त्यांच्या जिवाशी नाही.

आता विरुद्ध बाजूचं न्याय्य बोलणं. एप्रिल-मेची रात्र डिसेंबरच्या रात्रीसारखी नसते. आजारी माणूस असतो, तान्हं मूल असतं. झोपताना श्वासाचं यंत्र लावणारे असतात. त्यातलं पाणी तापवणारं भांडं बंद ठेवलं तर तेही बॅटरीवर रात्र काढतं. ज्याला खरोखरच थंड खोली लागते त्यानं धक्क्याला लागलेल्या, काठावरून वीज घेणाऱ्या बोटीत झोपावं. लांबच्या सफरीवर, आठ-आठ दिवस किनारा न पाहणाऱ्या नौकेवर यंत्र असावं, हेही मान्य. मी यंत्राच्या विरुद्ध नाही. दुपारी बारा ते सकाळी नऊ एवढ्यासाठी निसर्गाकडे पाहुणा म्हणून जायचं आणि बरोबर आपली गिरणी न्यायची, याच्या विरुद्ध आहे.

आणि डास? साडूंचा हुकमी पत्ता. डास आहेत. मी ढळढळीत कबूल करतो. पण डासांवर आपल्या आज्यांनी एक शोध लावून ठेवला आहे. त्याला मच्छरदाणी म्हणतात. तिला डिझेल लागत नाही.

त्या रात्रीचा शेवट सांगायचा राहिला. अडीचच्या सुमाराला आमचा जनरेटर दोनदा खोकला आणि बंद पडला. आधी खोल्यांतून हाका आल्या. मग एकेक जण उशी घेऊन बाहेर आला, कारण त्या बंद काचांच्या खोलीत दहा मिनिटं थांबणं शक्य नव्हतं. सारंग बिचारे घाबरून मागे धावले. मी त्यांना हाताला धरून बसवलं. म्हटलं, "रहने दो." शेजारच्या बोटींची धडधड चालूच होती, पण आपली थांबल्यावर ती लांबची वाटायला लागली, आणि मधल्या फटीतून बेडूक ऐकू आले. मग पाणी ऐकू आलं. धाकटी नात म्हणाली, "आजोबा, बोट हलतेय!" इतका वेळ ती थरथरत होती. आता हलत होती.

काठावरच्या मुलीनं कानांवरचे हात काढले आणि पान उलटलं.

साडू कानटोपी काढून माझ्या शेजारी बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वारा आहे हो." हा त्यांनी माझ्यासमोर केलेला पहिलाच कबुलीजबाब. मी तो जपून ठेवला आहे.

सकाळी उतरताना बोटीच्या मालकांना भेटलो. त्यांना वाटलं, बंद पडल्याबद्दल पैसे परत मागणार. मी विचारलं, "तुमच्याकडे उघडणाऱ्या खिडक्यांची, पंख्यांची, बिनजनरेटरची बोट नाही का?" ते म्हणाले, होती. जाळीच्या खिडक्यांची. भाडंही कमी होतं. "मग?" "कोणी मागत नाही, साहेब. फोन केला की पहिला प्रश्न, एसी आहे ना? रात्रभर ना? म्हणून तिलाही काचा बसवल्या."

म्हणजे गुन्हेगार आपणच. मालक आपण मागू ते देतो, सारंग आपण सांगू ते लावतो, आणि ओट्यावरची मुलगी आपल्याला काही विचारूच शकत नाही. तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी पाण्यावर रात्र काढायला जाल तेव्हा फोनवर पहिला प्रश्न बदला. "खिडकी उघडते ना?" एवढंच विचारा. दहा जणांनी विचारलं तर मालक दचकेल. शंभरांनी विचारलं तर सुतार बोलावील.

मी घरी आल्यावर त्या मालकांना तसं पत्र लिहिलं. आठही जणांच्या सह्या हव्या होत्या. साडूंकडे कागद पाठवला. दोन दिवसांनी सही होऊन परत आला. खाली त्यांच्या सुवाच्य बँकेच्या अक्षरात एक ओळ जास्त होती: "अट: मच्छरदाणी स्वच्छ व विनाभोकांची असावी."

अट न्याय्य आहे. एकमताचा विषय आता दुसरा झाला.